पुस्तकात नसलेली लोहारीण

तारीख ४, सोमवार

नवा मॅनेजर आज लाँड्रीत हजर झाला. पहिल्याच दिवशी मला विचारतो, "मुकादमबाई, रोजचं काही लिहून ठेवता का?" मी म्हटलं, सगळं डोक्यात असतं. तर म्हणाला, "डोकं तुम्ही संध्याकाळी घरी घेऊन जाता." येताना दोन वह्या घेतल्या. एक त्याला दाखवायची, तिच्यात चादरी आणि शर्ट. ही दुसरी माझी. मनातलं कुठेतरी ओकायला हवंच, नाहीतर रात्री पोटात दुखतं.

माणूस वाईट दिसत नाही, पण चालताना पाय वाजत नाहीत त्याचे. मिरचीने दुपारपर्यंत त्याचं नाव 'मांजर' ठेवून टाकलं. मिरची आमच्यातली सगळ्यांत लहान, आणि तिची जीभ तिच्याही आधी कामावर येते.

मांजराला आमची वाचायची पद्धत अजून कळलेली नाही. वरच्या खोलीत चौघी इस्त्री करतो आणि पाचवी मोठ्याने वाचते. वाचणारीच्या वाटचे कपडे चौघींनी वाटून घ्यायचे. पूर्वी पाळी असायची. मग माझ्या मोठ्या जाऊबाईंचं मनगट दुखायला लागलं आणि त्यांनी वाचायचं काम स्वतःकडे घेतलं ते कायमचंच. "तुम्ही सगळ्या अडखळता, कान किटतात माझे," म्हणाल्या. खोटं कशाला बोलू, वाचतात मात्र फर्मास. बाई वाचायला लागल्या की इस्त्रीसुद्धा सरळ चालते.

तारीख ६, बुधवार

सध्या अमेरिकेतली एक जुनी कादंबरी चालू आहे, भाषांतर. गुलामगिरीच्या काळची. दारुड्या बापाला कंटाळून पळालेला एक पोरगा आणि मालकिणीकडून पळालेला एक गुलाम, दोघं एका तराफ्यावरून मोठ्या नदीतून चाललेत. पुस्तक भावजींचं, म्हणजे जाऊबाईंच्या यजमानांचं. भावजी छापखान्यात पुस्तकं शिवायच्या कामावर होते. थंडीत संध्याकाळी ते हेच पुस्तक जाऊबाईंना वाचून दाखवायचे, दरवर्षी, जसं काही आधी कधी वाचलंच नाही.

आज खोलीत कडाक्याचं भांडण. गुलामाला पकडायला माणसं आली, तर पोरगा सांगतो की तराफ्यावर आजारी माणूस आहे, रोग लागट आहे, जवळ येऊ नका! माणसं पळाली. मिरची टाळ्या वाजवायला लागली. गोगलगाय (ही आमची सगळ्यांत संथ बाई, पण तिच्या कॉलरला तोड नाही) म्हणाली, "बिचाऱ्याने चांगलंच केलं."

मी म्हटलं, काय चांगलं केलं? पोरगा पानापानावर खोटं बोलतो. नाव खोटं, गाव खोटं, बाप खोटा. आणि त्या मालकिणीने त्याचं काय वाकडं केलं होतं? उलट तिच्या घरात त्याला अक्षरओळख झाली. खाल्ल्या मिठाला जागायचं की नाही?

"माणूस मीठ असतो का हो, जागायला?" मिरची म्हणाली.

जाऊबाई नुसत्या हसल्या आणि पान उलटलं. पानाचंही त्यांचं काही कळत नाही. कधी एका पानावर अर्धा तास, कधी दोन वाक्यांत उलटतात. लेखकाने लिहिलंच असेल तसं.

मी खोटं बोलत नाही. हा तोरा नाही, खोड आहे. बाकीच्या पोरी घरी काहीबाही सांगून पळून जातात. मी बापाला तोंडावर सांगितलं, "मी पळून चालले आहे," आणि मग निघाले. लाँड्रीत कुठला कपडा कुणी करपवला की मालक सरळ मलाच विचारायचे. मुकादमकी मला मिळाली ती त्यावरच.

तारीख ९, शनिवार

घरी जाऊबाईंनी वात आणला. आम्ही दोघीच, दोघींचे नवरे वर गेले, दोन खोल्या आणि एक मोरी. भांडायला तेवढी जागा पुरते.

आज चहा ओतला तो अर्धा कपात, अर्धा टेबलावर. वर मलाच म्हणतात, "कप सरकवलास का गं?" कामावर निघाल्या तर एका पायात त्यांची चप्पल, एका पायात माझी. सांगितलं तर म्हणे, "आजकाल फॅशन आहे." मी दारात उभी होते तर विचारतात, "कोण आहे?" अहो, घरात दोघीच राहतो आपण, कोण असणार, राष्ट्रपती? मला कळतं हे टोमणे. परवा तोंडातून निघून गेलं होतं ना, की मुकादम मी आहे, त्याचा राग. जिन्यातूनसुद्धा भिंतीवर हात फिरवत उतरतात, महाराणीसारख्या.

पण संध्याकाळी माझी वेणी घालायला बसल्या. ती त्यांची जुनी सवय. बोटं अजून तशीच भराभर चालतात. म्हणाल्या, "धाकटे, तुझं एक बरं आहे. एक केस पांढरा नाही अजून. कोळशासारखे काळेभोर."

आरसा वेगळं सांगतो. पण घरातलं माणूस इतकं कौतुक करत असेल तर आरशाचं कोण ऐकतो? सगळा राग गेला. तशी माझी माया आहे त्यांच्यावर. त्या नसत्या तर मी या घरात टिकलेच नसते.

तारीख १२, मंगळवार

मांजर वाचनाच्या वेळी दाराबाहेर उभं असतं. आज मी रंगेहाथ पकडलं. म्हणाला, "जिन्याचा कठडा बघत होतो." रोज त्याच वेळी कठडा बघतो? पाळत ठेवतोय, दुसरं काय.

आणि जे व्हायचं तेच झालं. खाली सगळ्यांना बोलावून सांगितलं, पुढच्या मंगळवारी डोळ्यांचे डॉक्टर येणार. गरम इस्त्री हाताळणाऱ्या प्रत्येकीची तपासणी. जिला नीट दिसत नाही तिला काम नाही. वाईट वाटून घेऊ नका म्हणाला, आधीच्या कारखान्यात त्याच्या डोळ्यांदेखत एकीचा हात भाजला होता. बोलला ते बरोबरच आहे. मी मान हलवली.

आमच्या खोलीत घाबरायचं कारण नाही. मिरचीला तर दुसऱ्याच्या ताटातलंही दिसतं. आणि जाऊबाई दिवसभर बारीक टायपाचं पुस्तक वाचतात. तरी दुपारी सगळ्या इतक्या गप्प का होत्या देव जाणे.

आज वाचनात एक लोहारीण आली. पोरगा आणि गुलाम पावसात भिजून तिच्या दाराशी येतात. ती दोघांना कोरडे कपडे देते आणि चुलीपाशी बसवते. कोण, कुठले, काही विचारत नाही. फक्त म्हणते, "केस पुसा आधी, बोलणं पळून जात नाही." माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. हे वाक्य कुठेतरी ऐकल्यासारखं वाटत होतं, आठवेना.

तारीख १४, गुरुवार

छळ आहे हा छळ! पोराने शेवटी पत्र लिहिलं. मालकिणीला. तुमचा गुलाम अमुक ठिकाणी आहे, माणूस पाठवून घेऊन जा. त्याला लहानपणापासून शिकवलंय की पळालेल्या गुलामाला मदत करणं म्हणजे चोरी, चोराला नरक. पत्र लिहिल्यावर त्याला हलकं वाटतं. आणि मग बसल्या बसल्या त्याला आठवायला लागतं, हा माणूस आपल्या वाटचा पहारा करायचा, आपल्याला झोपू द्यायचा. पत्र हातात. टाकतो की फाडतो?

आणि काल नेमकं इथे जाऊबाईंनी पुस्तक मिटलं. "उद्या." आज 'उद्या'ही झालं, तर म्हणे घसा बसलाय. मिरची हाता-पाया पडली. गोगलगायीने आयुष्यात पहिल्यांदा एक कफ करपवला.

माझं मत अजून तेच. पत्र टाकायला हवं. नियम तो नियम. पण फाडलं तर मी काही कुणाला सांगायला जाणार नाही.

तारीख १७, रविवार

आज अक्षर वेडंवाकडं येईल.

सकाळी जाऊबाई मोरीत गेल्या आणि मी पिशवीतून पुस्तक काढलं. चोरून. मला नुसतं एवढंच बघायचं होतं, पत्र फाडलं की नाही.

खूण घातलेलं पान काढलं. तिथे पत्राचं नावही नाही, दुसरंच काही चाललंय. वाटलं, खूण सरकली असेल. मागे गेले, पुढे गेले. पत्र सापडलं, पण खूप पुढे, आणि या गोंधळात फाडलं की नाही ते बघायचंच राहून गेलं. मग लोहारीण शोधली. सगळं पुस्तक चाळलं. लोहारीण नाहीच. कुठेच नाही. आणि शेवटची पानं तर उघडेचनात. भावजींनी जाड दोऱ्याने टाके घालून ती बंद केली आहेत, पांढऱ्या दोऱ्याने, बारीक टाके. ते कुणी कधी उसवलेले नाहीत.

आधी मला राग आला. म्हटलं, बाई पदरचं घुसडतात! लेखकाची फसवणूक, आमची फसवणूक. मोरीचं दार वाजलं. जाऊबाई बाहेर आल्या, मी त्यांच्यापासून दोन हातांवर, पुस्तक माझ्या मांडीवर उघडं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "कोण आहे?"

तेव्हा कळलं. चहा, चप्पल, भिंत, मनगट. आणि माझे काळेभोर केस.

मी ओरडले त्यांच्यावर. रडत रडत ओरडले. "एका घरात राहून मला सांगितलं नाहीत? मी परकी का?" त्या खुर्ची चाचपत बसल्या. म्हणाल्या, सासूबाईंचा डोळा ऑपरेशनमध्ये गेला होता, आठवतं ना? मला नव्हतं तिथे जायचं. म्हटलं, जितकं दिसतंय तितक्यावर काढू. ह्यांची पुस्तकं पाठच होती. पानं उलटायची आणि बोलायचं. जिथे आठवायचं नाही तिथे भर घालायची.

"आणि लोहारीण?" मी विचारलं.

"ती तुला ओळखता आली नाही होय?" म्हणाल्या. "तू पहिल्यांदा या घराच्या दारात आलीस तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत भिजलेली होतीस."

मग आठवलं. मी दारात उभी, खाली पाण्याचं थारोळं, सासूबाई आतून विचारताहेत कोण आहे, कुणाची आहे. आणि या पुढे आल्या, आपलं लुगडं माझ्या अंगावर टाकलं आणि म्हणाल्या, "केस पुस आधी, बोलणं पळून जात नाही."

मंगळवारी डॉक्टर येणार.

तारीख १८, सोमवार

सकाळी तपासणीची पाटी आली. अक्षरं वर मोठी, खाली बारीक होत गेलेली. मांजराने आमच्याच खोलीत टांगली.

मी मिरचीला बाजूला घेतलं. कसं सांगावं कळेना, तर तीच म्हणाली, "पाठ करून घ्यायची ना जाऊबाईंकडून? खालच्या दोन ओळी मी उतरवून घेतल्यात."

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं! कधीपासून? तर उन्हाळ्यापासून. जाऊबाईंनी पुस्तक उलटं धरलं होतं त्या दिवसापासून. गोगलगायीने तेव्हा हळूच येऊन ते सुलटं करून हातात दिलं आणि पुन्हा कफ दाबायला गेली.

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

सगळ्या खाली वाकून कॉलरी दाबायला लागल्या. शेवटी मिरचीच म्हणाली, "तुम्ही खरं बोलता ना, मुकादमबाई."

दिवसभर ते वाक्य डोक्यातून जात नाही. आजवर मला वाटायचं, माझ्या खरेपणावर सगळे विश्वास टाकतात. आज कळलं, माझ्या खरेपणापासून माणसं लपवावी लागतात. बरोबर काय आहे याची मला अजून खात्री नाही. मांजराचं म्हणणं चूक नाही, इस्त्री हा काही खेळ नाही. पण जाऊबाई इस्त्रीला हात लावत नाहीत, आणि कामाविना त्या घरात बसून वाळून जातील. मी मुकादम आहे, मला हे वर सांगायला हवं. आणि मी सांगणार नाही. म्हणजे मी बिघडले. या वयात बिघडले! होऊ दे.

दुपारी चौघींनी मिळून पाटी पाठ करून घेतली. जाऊबाईंना एकदा ऐकलं की पुरतं.

तारीख १९, मंगळवार

मांजराने आधी मला विचारलं. डॉक्टर शेजारीच, पाटीवर दिवा लावत होते.

"मुकादमबाई, तुमच्या खोलीत सगळ्यांना दिसतं ना नीट?"

"हो."

"तुमच्या जाऊबाई? त्या भिंतीला हात लावून चालतात."

मी म्हटलं, "त्यांना भिंती आवडतात."

आयुष्यातलं पहिलं खोटं आणि ते असं! त्या पोराला निदान रोग तरी सुचला होता. माझे कान तापले, मिरचीने कपाळाला हात लावला. मांजर माझ्याकडे बघतच राहिलं. मी पुढे दामटलं, "घरी सुईत दोरा त्याच ओवतात. मी हमी देते."

जाऊबाईंचा नंबर आला. खुर्चीवर बसल्या. डॉक्टर म्हणाले, "वाचा." माझ्या ओठांवर पहिली ओळ आली होती. जाऊबाईंनी पदर सारखा केला. मग शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टर, पाटी कुठल्या बाजूला आहे तेही मला दिसत नाही."

डॉक्टरांनी खिशातून बॅटरी काढली.

मांजर माझ्याकडे वळलं. तेवढ्यात जाऊबाईच म्हणाल्या, "हिला काही माहीत नाही हं. मी घरातही फसवत होते हिला. ही साधी आहे, हिला खोटं बोलता येत नाही."

पळून जायची वाट मोकळी असताना बाई माझ्यासाठी उलट्या फिरल्या. मला वाचवायला माझ्यापेक्षा कितीतरी सफाईने खोटं बोलल्या. मी गप्प बसले असते तर मुकादमकी राहिली असती, नावही राहिलं असतं. कुणी मला हुशार म्हटलेलं नाही, आणि आज मी ते सिद्धच केलं.

"मला माहीत होतं," मी म्हटलं. "रविवारपासून. पाटी मीच पाठ करून घेतली."

"मी पण," मिरची म्हणाली.

"मी उन्हाळ्यापासून," गोगलगाय म्हणाली. इतक्या लवकर तिला बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

डॉक्टरांचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. ते जाऊबाईंच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघत होते. म्हणाले, "मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत, पिकलेला. इतके दिवस काय केलंत? आता पूर्वीसारखं राहिलं नाही काही, दिसायला लागेल. काढून टाकू."

मोतीबिंदू! एवढं पाठांतर, एवढं खोटं, एवढी रडारड, आणि निघालं काय, तर मोतीबिंदू. मला हसावं की रडावं कळेना. जाऊबाईंनी माझा हात शोधला आणि घट्ट धरून ठेवला.

मांजराने निकाल सांगितला. मुकादम खोटं बोलली, तेव्हा मुकादमकी गेली. उद्यापासून मी दिवसभर इस्त्रीच्या टेबलाशी आणि खोली गोगलगायीकडे. जाऊबाईंना डॉक्टरांनी हिरवा कंदील दिल्याशिवाय वर यायचं नाही, आणि नंतरही इस्त्रीला हात लावायचा नाही. दारापर्यंत गेला. थांबला. कठड्यावर बोट फिरवलं.

"त्या पत्राचं पुढे काय झालं?"

म्हणजे रोज कठडा नव्हता बघत तर!

"फाडलं," जाऊबाई म्हणाल्या. "म्हणाला, जातो नरकात तर जातो."

"वाटलंच होतं," मांजर म्हणालं, आणि पाय न वाजवता खाली गेलं. मिरची मात्र पेटली. आम्ही सहा दिवस तडफडतोय आणि आधी याला सांगितलं!

तारीख २१, गुरुवार

दिवसभर टेबलाशी उभं राहून पाय भरून आले. गोगलगाय मुकादम झाली म्हणून हुकूम सोडते, पण हुकूम संपेपर्यंत काम झालेलं असतं. आज मी वाचायला बसले, पुस्तकात आहे ते, अक्षर न् अक्षर. थोड्या वेळाने मिरची म्हणाली, "हे नको हो. जाऊबाईंचं वाचा."

तारीख २७, बुधवार

दवाखान्यात बाकावर बसून लिहितेय. जाऊबाईंना आत नेलंय. जाताना म्हणाल्या, "माझ्या बांगड्या सांभाळ, आणि जास्त घाबरू नकोस, तोंड वाकडं होतं तुझं." दिसत नसतानाही बाईंना कसं कळतं?

धीर धरवेना म्हणून पुस्तक काढलं आणि नखाने भावजींचे टाके उसवले. शेवट वाचला. अगं बाई! तो गुलाम तर आधीच सुटलेला! मालकीण मरताना त्याला मोकळं करून गेली होती आणि कुणाला पत्ता नव्हता. आणि पोराच्या ज्या दोस्ताला पत्ता होता, तो गंमत म्हणून गप्प बसून त्या माणसाला कोंडून ठेवतो, साप काय, उंदीर काय, खेळ चाललाय. मला इतका संताप आला की पुस्तक भिरकावणार होते. म्हणून भावजींनी शिवलं होतं. ते चांगले होते माणूस म्हणून.

मग बसल्या बसल्या विचार आला. पोराने पत्र फाडलं तेव्हा त्याला कुठे माहीत होतं माणूस सुटलाय ते? त्याने तर नरक पक्का धरूनच फाडलं. मग ते फुकट कसं गेलं? आणि आम्हालाही कुठे माहीत होतं मोतीबिंदू आहे ते.

पर्समध्ये सुईदोरा असतोच. पानं पुन्हा शिवून टाकली. भावजींइतके बारीक टाके नाही जमले.

तारीख २९, शुक्रवार

आज उजव्या डोळ्याची पट्टी काढली. नर्सने पडदा ओढून घेतला, हळूहळू कापूस उचलला. जाऊबाई डोळा मिचकावत बसल्या. आधी खिडकीकडे बघितलं, मग स्वतःच्या हाताकडे, उलटा सुलटा करून. मग माझ्याकडे.

बघतच राहिल्या. मी विचारलं, दिसतंय का? हात पुढे करून माझ्या कानाजवळची बट धरली, उजेडाकडे वळवली. त्यांचा तो नवा डोळा भरून आला; नर्स ओरडली, रडायचं नाही, रडायचं नाही.

"धाकटे," म्हणाल्या, "हे केस कधी गं पांढरे झाले?"

"काल," मी म्हटलं. जीभ जरासुद्धा अडखळली नाही.